अज्ञान पालनकर्ता

कायद्याच्या मराठीत अठरा वर्षांखालील माणसाला 'अज्ञान' म्हणतात. अठरावे वर्ष पुरे झाले की तोच मनुष्य 'सज्ञान' होतो. आदल्या रात्री अज्ञान म्हणून अंथरुणावर पडलेला मुलगा सकाळी सज्ञान होऊन उठतो आणि मधल्या सहा-सात तासांत त्याने घोरण्यापलीकडे काहीही केलेले नसते, याची गंमत कायदा शिकवणाऱ्या कोणत्याही प्राध्यापकाला वाटलेली मी पाहिली नाही. मला मात्र ती फार वाटे. सिंधुदुर्गातील पक्षकार सातबाऱ्याचे उतारे घेऊन येतात, त्यांवर एखाद्या पोरक्या मुलाच्या नावाशी 'अ. पा. क.' अशी तीन अक्षरे असतात. त्यांचा विस्तार 'अज्ञान पालनकर्ता'. वकिलीच्या पहिल्या वर्षी मी त्यातला पहिला शब्द पालनकर्त्याचेच विशेषण म्हणून वाचला, आणि ज्यांच्या हाताखाली शिकत होतो त्या वृद्ध वकिलांना विचारले, की महसूल खात्याला पालनकर्त्याचे अज्ञान कळते कसे? ते पुष्कळ हसले. हसून झाल्यावर म्हणाले, "चुकीचे वाचलेस; पण वाचलेले अगदीच खोटे नाही. पुढे अनुभव येईल."

तो अनुभव मला माझ्याच घरात, माझ्याच कन्येकडून यायचा होता.

गोष्ट २०२५ च्या वैशाखातली. कन्येची फर्मागुढीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातली शेवटची परीक्षा तोंडावर आली होती आणि बेंगळुरूच्या एका कंपनीचे नेमणुकीचे पत्र तिच्या हाती होते. घरात त्या पत्राचे कौतुक आठ दिवस चालले. माझ्या आईने देवाला नारळ ठेवला, पत्नीने लोणच्याच्या बरण्यांची मोजदाद सुरू केली, आणि मी माझ्या स्वभावधर्माप्रमाणे उपदेशाची टाचणे काढायला बसलो. मुलगी पहिल्यांदाच घराबाहेर राहणार, स्वतः मिळवणार, स्वतः खर्चणार; तिला जगाची ओळख करून देणे हे बापाचे कर्तव्य, आणि बाप वकील असेल तर त्याला तो हक्कही वाटतो. रोज रात्री जेवणानंतर सोप्यावर बसून मी तिला काही ना काही सांगत असे. भाड्याच्या घराचा करार सही करण्यापूर्वी शेवटच्या ओळीपर्यंत वाचावा. पगारपत्रकावर जो आकडा दिसतो तो हाती येणारा आकडा नव्हे. मूळ वेतनाचे बारा टक्के भविष्यनिर्वाह निधीत जातात, व्यवसाय कर कापला जातो. क्रेडिट कार्डाच्या बिलावर 'किमान देय' म्हणून जी रक्कम लिहिलेली असते ती ग्राहकाच्या सोयीसाठी नसून सावकाराच्या सोयीसाठी असते. ती ऐकत असे. मध्येच आपल्या वहीत काही टिपूनही घेई. माझे मन भरून येई.

एके रात्री मी जामीनदाराच्या जबाबदारीवर बोलत होतो. या विषयावर मला बोलवते ते स्वानुभवाने. चोविसाव्या वर्षी एका स्नेह्याच्या मोटारसायकलच्या कर्जाला मी भिडेखातर जामीन राहिलो होतो. भारतीय करार कायद्याचे १२८ वे कलम, जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते असे सांगणारे, मला परीक्षेत तोंडपाठ होते. पण पाठ असणे निराळे आणि हप्ते चुकल्यावर पहिली नोटीस आपल्याच दारी येणे निराळे. त्या मोटारसायकलवर मी एकदाही बसलो नाही, मात्र तिचे शेवटचे सात हप्ते मी भरले. ही कथा रंगात आली असताना कन्येने वही मिटली आणि अगदी साध्या आवाजात विचारले,

"बाबा, म्हजें पासबूक खंय आसा?"

त्या प्रश्नात संशय नव्हता. बेंगळुरूला तिने दोन मैत्रिणींबरोबर एक घर ठरवले होते, त्याच्या अनामत रकमेपैकी पन्नास हजार तिच्या वाट्याला आले होते, आणि पहिला पगार हाती पडण्यापूर्वी ते द्यायचे होते. मी म्हटले, पन्नास हजार मी देतो, त्यात काय एवढे? ती म्हणाली, तुमचे नकोत. आजीने माझ्या नावावर ठेवलेले आहेत ना, तेच वापरीन. तिच्या वयाच्या मुलीने बापाचे पैसे नाकारून स्वतःचे मागावे यात अभिमान वाटण्यासारखे होते. मला मात्र घाम फुटला. पासबूक कपाटात आहे, उद्या शोधतो, असे सांगून मी लवकर निजायला गेलो.

त्या पासबुकाची हकीकत सांगितली पाहिजे.

आमचे घर अंत्रुज महालातले, आणि घरामागे लहानसे कुळागर आहे. सुपारी, नारळ, केळी, पोफळींवर चढवलेल्या मिरवेली. माझे वडील त्यात फारसे फिरकत नसत, कुळागर आईचे. व्यवहाराने तर होतेच, पण कायद्यानेही निम्मे तिचे होते, कारण १८६७ च्या पोर्तुगीज नागरी कायद्याने गोव्यात जी रीत घालून दिली तिच्याप्रमाणे लग्नापूर्वी वेगळा करार केलेला नसेल तर नवराबायकोची मालमत्ता एकत्र होते आणि तीत दोघांचा निम्मा-निम्मा हिस्सा असतो. आईला हे कलम कोणी वाचून दाखवलेले नाही. पण सुपारी वाळवून, सोलून, निवडून फोंड्याच्या बागायतदार संस्थेत घातली आणि पैसे आले की ती त्यांचे वाटे ज्या निःशंकपणे करी, त्यावरून तिला ते ठाऊक असावे असे वाटे. २००३ साली नात झाली, त्या वर्षापासून त्या वाट्यांत आणखी एका वाट्याची भर पडली. एखाद्या वर्षी तीन हजार, भाव चांगला आला तर सात. पैसे माझ्या हातात देताना ती दर वर्षी तेच वाक्य म्हणे: "हे पयशे तिचे. तिका जाय तेन्ना तिका मेळूंक जाय." बँकेत खाते मुलीच्या नावाने, पालनकर्ता मी, सही माझी. चतुर्थीला नातलगांनी हातावर ठेवलेल्या नोटा, वाढदिवसाची पाकिटे, सारे त्यातच जाई. २०१८ साली त्यातून ६०,००० रुपयांची मुदतठेव केली, पावणेसात टक्के व्याजाची.

मग २०२० चा चैत्र आला. मार्चच्या अखेरीस देश बंद झाला आणि कोर्टेही बंद झाली. वकिलाचा धंदा बाहेरून भरभक्कम दिसतो. आतून तो रोज पाणी शेंदणाऱ्या माणसासारखा असतो, दोर थांबला की घागर रिकामी. कार्यालयाचे भाडे होते. पंधरा वर्षे माझ्याकडे असलेल्या कारकुनाचा पगार होता, आणि तो थांबवण्याचे माझ्या मनात आले नाही, एवढे स्वतःच्या बाजूने सांगतो. घराच्या कर्जाचा हप्ता होता. रिझर्व्ह बँकेने तेव्हा हप्ते काही महिने पुढे ढकलण्याची सवलत दिली होती, पण व्याज चढतच राहणार होते. मी बसून विचार केला, की व्याज न मागणारा सावकार आपल्याला कोण भेटेल? आणि २ मे २०२० रोजी मी माझ्या कन्येची मुदतठेव मोडली.

कायद्याने मी मोडू शकत होतो. पालनकर्ता म्हणून सहीचा अधिकार माझा होता, बँकेने एक अक्षर विचारले नाही. मी आईला सांगितले नाही, पत्नीला सांगितले नाही, आणि जिचे पैसे ती तर सतरा वर्षांची 'अज्ञान' होती. पुढच्या खोलीत ती संगणकासमोर बसून बारावीचा अभ्यास करीत होती. दोन वर्षांनी, ऑगस्ट २०२२ मध्ये, मी साठ हजार रुपये परत त्याच खात्यात भरले. भरले तेव्हा मला इतके बरे वाटले, की जणू मीच तिला काही देणगी दिली.

मधल्या काळात आणखी एक गोष्ट घडली होती, किंबहुना घडायची राहिली होती. २०२१ साली ती अठरा वर्षांची झाली. खातेदार सज्ञान झाला की पालनकर्त्याची सही संपते. नव्या सहीचा नमुना, ओळखीचे कागद आणि खातेदाराची स्वतःची हजेरी लागते. बँकेचे तसे पत्र आले. मी ते वाचले आणि ज्या कपाटात पासबूक होते त्याच कपाटात ठेवून दिले. कारण तिला बँकेत न्यायचे म्हणजे पासबूक दाखवायचे, आणि तेव्हा त्यात साठ हजारांचे भोक होते. भोक बुजल्यावरही मी तिला नेले नाही. तेव्हा कारण उरले नव्हते, पण सवय उरली होती. तिच्या शिष्यवृत्तीसाठी तिने स्वतः दुसरीकडे खाते उघडले होते, त्यामुळे गरजही पडली नाही.

वाचकांपैकी ज्यांना कोर्टाची पायरी चढावी लागली आहे त्यांना ठाऊक असेल, की गोव्यात माणूस वारल्यावर वाटणीसाठी जे इन्व्हेंटरीचे काम चालते त्यात कुटुंबप्रमुखाला, ज्याला आमच्याकडचे जुने वकील अजून 'काबेसा द काझाल' म्हणतात, सगळ्या मालमत्तेची यादी शपथेवर द्यावी लागते. घर, बागायत, दागिने, ठेवी, देणी. माझी अर्धी वकिली या याद्यांवर चालली आहे. किती थोरल्या भावांना आणि किती विधवा मातांना मी समोर बसवून सांगितले असेल, की आकडा लपवू नका, पावती नसेल तर तसे लिहा, पण लिहा! आणि त्या याद्या वाचून दाखवताना मी एक दृश्य वारंवार पाहिले आहे. चाळिशीतली मुलगी, पन्नाशीतला मुलगा माना पुढे काढून ऐकत असतात, आणि आपल्या बापापाशी काय होते व काय नव्हते हे त्यांना आयुष्यात प्रथम कळत असते. मुलगा आणि मुलगी यांना सारखा वाटा देणारा कायदा आमच्या या लहानशा प्रदेशात दीडशे वर्षांहून अधिक काळ आहे. मालमत्तेच्या निम्म्यापलीकडे मृत्युपत्राने बापालाही हात लावता येत नाही, इतका मुलांचा हक्क पक्का आहे. पण बाप जिवंत असेपर्यंत त्यांना आकडा विचारण्याची पद्धत नाही. आमच्या घरांत हिशेब उघडतो तो तेराव्यानंतर.

माझ्या वडिलांना मात्र हिशेबाचा नाद होता. ते काही वर्षे आमच्या देवस्थानाचे खजिनदार होते. १८८६ साली माझानींचे नियम झाले, १९३३ साली ते नव्याने बांधले गेले, आणि त्यांतला अंदाजपत्रकाचा व वार्षिक हिशेबाचा भाग वडिलांना देवाच्या आरतीइतका प्रिय होता. महाजनांच्या सभेत ते उभे राहून दिव्याचे तेल, फुले, पालखीचा खर्च, ब्राह्मणभोजन अशी एकेक बाब वाचत. सभेतले अर्धे लोक पेंगत असत. एका वर्षी जमेत सव्वातीन रुपये कमी आले. सचिव म्हणाले, सव्वातीन रुपयांचे काय, किरकोळीत दाखवा. मुखत्यार म्हणाले, मी खिशातून घालतो. वडिलांनी दोघांचेही ऐकले नाही. सव्वातीन रुपये कमी आहेत, कारण सापडत नाही, असे त्यांनी सभेत उभे राहून वाचले. मी तेव्हा नऊ-दहा वर्षांचा होतो आणि मंडपाच्या खांबाला टेकून बसलो होतो. मला त्यांची लाज वाटली होती, हे आज लिहिताना आठवते. (त्या सभेत माझी मुलगी आज बसू शकणार नाही, महाजनांच्या यादीत मुलीचे नाव घालण्याची रीत आमच्याकडे अजून नाही. नागरी कायद्याने जे दीडशे वर्षांपूर्वी दिले ते द्यायला देवस्थानांना आणखी किती वर्षे लागणार आहेत, हा प्रश्न मी सभेत विचारला आहे आणि पुन्हा विचारणार आहे.)

त्या रात्री मला झोप आली नाही. पहाटे उठून कपाट उघडले. पासबूक, बँकेचे पत्र, मोडलेल्या ठेवीची पावती, सारे जागच्या जागी होते. कागद टाकून न देण्याची वकिलाची खोड अशी एखादे वेळी अंगावर उलटते. मी एक ताव घेतला आणि इन्व्हेंटरीची यादी लिहितो तसाच लिहायला बसलो. डावीकडे जमा, उजवीकडे खर्च. २००३ पासून आजीने दिलेले, वर्षवार. चतुर्थीचे, वाढदिवसांचे. मुदतठेव. आणि मग, 'दि. २ मे २०२० रोजी पालनकर्त्याने स्वतःच्या खर्चासाठी घेतले रु. ६०,०००. दि. २ ऑगस्ट २०२२ रोजी परत भरले रु. ६०,०००. सत्तावीस महिन्यांचे व्याज पालनकर्त्याकडून येणे रु. ९,११२ पैसे ५०.' ती ओळ लिहिताना माझ्या हाताने दोनदा निराळा शब्द सुचवला. 'स्वतःच्या' ऐवजी 'कौटुंबिक' लिहावे, असे त्याचे म्हणणे होते. एका परीने ते खरेही होते, कारण तो हप्ता ज्या घराचा त्याच घरात ती राहत होती. परंतु पक्षकाराने तो शब्द घातला असता तर मी त्याला काय म्हटले असते हे मला माहीत होते.

सकाळी ती चहा घेत असताना मी ताव आणि पासबूक तिच्यापुढे ठेवले आणि तिथेच बसून राहिलो. तिने पहिल्यांदा आजीच्या रकमा वाचल्या. कोणत्या वर्षी सात हजार आणि कोणत्या वर्षी तीन, हे पाहून ती मध्येच हसली. मग ती त्या ओळीपाशी आली. ती ओळ तिने दोनदा वाचली असावी, कारण तिचे डोळे पुन्हा वर गेले. मी काही बोलणार एवढ्यात ती आत गेली. स्वयंपाकघरात पत्नीचा आणि तिचा आवाज येतो का म्हणून मी कान दिला, आवाज नव्हता. अनेक न्यायाधीशांपुढे निकालाची वाट पाहत मी उभा राहिलो आहे, पण ती दहा मिनिटे त्या सगळ्यांहून लांब होती.

ती परत आली ती वही घेऊन. म्हणाली, व्याज चुकले आहे. तुम्ही सरळव्याज धरले. बँक मुदतठेवीवर दर तिमाहीला व्याज मुद्दलात मिळवते. सत्तावीस महिने म्हणजे नऊ तिमाह्या, पावणेसात टक्क्यांनी ९,७५२ रुपये होतात. म्हणजे ६४० रुपये कमी.

मी म्हटले, बरोबर आहे.

मग ती म्हणाली, २०२२ पासून सगळी रक्कम साध्या बचत खात्यात पडून राहिली, त्याचेही नुकसान आहे. पण ते मी धरत नाही, कारण अठरा वर्षांची झाल्यावर मीही विचारायला हवे होते. विचारले नाही. आणि मग थोडे थांबून, वहीकडे पाहत, "त्या वेळी सांगितले असते तर मी दिले असते."

या शेवटच्या वाक्याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. सतरा वर्षांच्या मुलीला अडचण सांगायला मला लाज वाटली, हे खरे कारण. आपल्या पुरुषांना, आणि त्यातून थोडाफार मानमरातब असलेल्या पुरुषांना, मुलांपुढे पैशाची ओढाताण उघडी करणे म्हणजे कासोटा सुटल्यासारखे वाटते. दर महिन्याचा पगार संपतो कसा, कर्जाचा हप्ता किती, घराचा विमा भरला की राहिला, हे मुलांच्या कानांवर जाऊ नये म्हणून आपण आवाज खाली करतो, आणि मग बाविसाव्या वर्षी त्यांना सोप्यावर बसवून काटकसरीवर व्याख्यान देतो. मी तिला जामीनदाराचे १२८ वे कलम सांगत होतो, परंतु २०२० साली आमचे घर कसे चालले ते सांगितले नव्हते. दोहोंतले तिच्या उपयोगाचे कोणते होते, हे तिच्या एका वाक्याने मला कळले.

दोन दिवसांनी आम्ही बँकेत गेलो. ओळखीचे कागद, छायाचित्रे, अर्ज. बँकेतल्या बाईंनी सहीच्या नमुन्याचे कार्ड तिच्यापुढे सारले आणि तिने सही केली. ती सही मी पूर्वी पाहिलेली नव्हती. शाळेच्या प्रगतिपुस्तकावरची तिची गोल अक्षरे माझ्या ओळखीची. ही लांबट आणि चपळ होती, शेवटी एक रेघ खाली ओढलेली. बाईंनी माझ्या जुन्या सहीचे कार्ड काढले आणि तिच्यावर तिरपी रेघ मारली. १९०३ सालचा मोहोरी बीबीचा खटला प्रत्येक कायद्याच्या विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी शिकवतात: कलकत्त्याच्या धर्मोदास घोष नावाच्या अज्ञान मुलाने घर गहाण ठेवून कर्ज काढले आणि प्रिव्ही कौन्सिलने ठरवले, की अज्ञानाने केलेला करार मुळातच झालेला नसतो. त्या निकालाच्या निमित्ताने आम्ही विद्यार्थी वर्गात सहीच्या वजनावर खूप बोललो होतो. ते वजन एवढे हलके दिसते, हे मला त्या काउंटरपाशी प्रथम दिसले.

अर्जात नामनिर्देशनाचा रकाना होता. तिने विचारले, इथे आईचे नाव घातले तर पैसे आईचे होतात का? मी सांगितले, की नाही. नामनिर्देशित व्यक्ती म्हणजे बँकेकडून पैसे स्वीकारणारा हात, मालक नव्हे. मालकी वारसा कायद्याप्रमाणेच जाते, सर्वोच्च न्यायालयानेही बँकेतील ठेवींबाबत हेच म्हटले आहे. ती म्हणाली, म्हणजे तुमच्यासारखेच, पालनकर्ता. बाई हसल्या. मीही हसलो, पण जरा उशिराने.

खात्यात तेव्हा १,३८,४१७ रुपये होते. त्यांपैकी पन्नास हजार अनामतीसाठी, पंचवीस हजार पगार हाती येईपर्यंतच्या दोन महिन्यांसाठी, बाकीची पुन्हा मुदतठेव, असे तिने वहीत आधीच मांडले होते. दुचाकी घ्यायची नाही, पहिले वर्ष बसने जायचे, असेही लिहिले होते. मी त्यात एकच दुरुस्ती सुचवली, की आजारपणासाठी थोडी रक्कम हाताशी मोकळी ठेवावी. ती तिने मानली. बेंगळुरूच्या करारात घरमालकाने एक अट घातली होती, की भाडेकरूंनी सहा महिन्यांच्या आत घर सोडले तर संपूर्ण अनामत बुडेल. मी ती पाहीपर्यंत तिने त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारली होती आणि मैत्रिणींशी बोलून घरमालकाला कळवले होते, की एक महिन्याचे भाडे कापावे, संपूर्ण रक्कम नव्हे. त्याने मान्य केले. माझ्या शेजारी बसून मी तिला आणखी काय शिकवावे हे मला सुचेना, म्हणून लग्नापूर्वीच्या कराराविषयी आमच्या कायद्यात काय आहे ते सांगू लागलो. ती म्हणाली, बाबा, मी नोकरीला चालले आहे.

९,७५२ रुपयांचा धनादेश मी तिला घरी दिला. ते आई पाहत होती. कसले पैसे, म्हणून तिने विचारले. कन्येने माझ्याकडे पाहिले. सांगावे की नाही हे तिने माझ्यावर सोडले होते. मी आईला सांगितले. सारे सांगितले, २ मे २०२० पासून. आई ऐकत राहिली. ऐंशी उलटलेल्या त्या बाईच्या चेहऱ्यावरून काही कळेना. शेवटी तिने एवढेच विचारले, की कारकुनाचा पगार त्या दिवसांत दिला होतास ना? दिला होता, असे मी म्हणालो. तिने सुपारी कातरायला घेतली.

कन्येने धनादेशाची पावती मला लिहून दिली. मी नको म्हणत होतो. घरात कसली पावती? ती म्हणाली, तुम्हीच शिकवले आहे. 'आजीच्या ठेवीवरील व्याजाबद्दल रु. ९,७५२ मिळाले,' खाली तारीख आणि ती लांबट, चपळ सही. ती पावती मी कार्यालयातल्या कपाटात, पक्षकारांच्या कागदांच्या शेजारी ठेवली आहे. मृगाच्या पहिल्या पावसात ती मडगावहून गाडीने निघाली. लोणच्याच्या दोन बरण्या तिने परत काढून ठेवल्या होत्या. एवढे कोण खाणार, म्हणून.

यंदा सुपारीला भाव बरा आला. पैसे आले त्या दिवशी नेहमीप्रमाणे मी आईच्या हाकेची वाट पाहत सोप्यावर बसलो होतो. हाक आली नाही. आत जाऊन पाहिले तर शेजारचा मुलगा आईच्या शेजारी पाटावर बसला होता. आईने मला विचारले नव्हते. नातीला फोन करून तिच्या खात्याचा क्रमांक तिने त्याच्याकडून एका कागदावर मोठ्या अक्षरांत उतरवून घेतला होता, आणि एकेक आकडा बोटाने दाखवून तो बरोबर आहे ना, हे ती त्याच्याकडून दुसऱ्यांदा वाचून घेत होती.